कारुकमधला ‘वुरा’ आणि आपला ‘च’: नवशिक्यांसाठी

कारुक या कॅलिफोर्नियातल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतली कुठलीही जुनी गोष्ट उघडा, पहिल्या काही ओळींतच ‘वुरा’ भेटण्याची दाट शक्यता. थोडं पुढे गेलात की पुन्हा, आणि पान उलटेपर्यंत इतक्या वेळा की मोजणं सोडून द्यावं. शब्दकोशात पाहावं तर ‘जोर देणारा शब्द’ एवढंच हाती लागतं. शेजारच्या इंग्रजी भाषांतरात बघावं तर त्याचा पत्ताच नाही. (‘पत्ताच’ मधला तो शेवटचा ‘च’ लक्षात असू द्या. पुढचं सगळं काम त्याच्याशीच आहे.)

हा लेख त्या एका शब्दाबद्दल आहे. कारुक शिकायची नसेल तरी चालेल. अनोळखी भाषेतला असा बारका शब्द हाताशी कसा धरायचा, याची रीत दाखवायला ‘वुरा’ चांगला, कारण तो सतत भेटतो आणि सहजासहजी सापडत नाही. मराठी माणसाला तर इथे घरबसल्या एक फायदा आहे. त्या फायद्यातच एक खड्डाही आहे, त्याकडे नंतर येऊ.

आधी नदी बघून घ्या

कॅलिफोर्नियाच्या वायव्य कोपऱ्यात क्लॅमथ नावाची नदी डोंगर कापत पॅसिफिक समुद्राकडे जाते. तिच्या मधल्या पट्ट्यात, आजच्या हॅपी कॅम्प, सोम्स बार, ऑर्लीन्स या गावांच्या आसपास, कारुक लोकांचा मुलूख. भाषेचं तिथलं नाव ‘आराराहिह’, म्हणजे माणसांची भाषा. ‘कारुक’ हे मुळात दिशेचं नाव: नदीच्या वरच्या अंगाला. खालच्या अंगाला ते ‘युरुक’. खाली समुद्राकडे राहणाऱ्या शेजाऱ्यांना आज सगळं जग युरोक म्हणतं, ते याच शब्दावरून. नदीपासून डोंगराकडे चढत गेलं की ‘मारुक’, डोंगरावरून नदीकडे उतरलं की ‘सारुक’. घाटावर जाणं आणि खाली कोकणात उतरणं ज्यांच्या बोलण्यात आहे त्यांना हे समजवायला नको.

गंमत अशी की कारुक, युरोक आणि हूपा हे तीन शेजारी, सण-समारंभ, मासेमारी, घरं यांत एकमेकांसारखे, पण तिघांच्या भाषा तीन वेगळ्या कुळांतल्या. कारुकला तर निर्विवाद असं जवळचं नातलगच नाही. काही अभ्यासक तिला होकन नावाच्या मोठ्या गटात घालतात, पण तो गटच वादाचा. म्हणजे ‘वुरा’चा अर्थ लावायला शेजारच्या भाषेतला चुलतभाऊ मिळणार नाही. जे काही आहे ते वाक्यातच शोधायचं.

लिपीचा करार

कारुक रोमन अक्षरांत लिहितात. इथे मी देवनागरी वापरतोय, तर आपल्यात एक करार करू. कारुकमधला ‘आ’ आखूडही असतो आणि लांबही. आखूड असेल तिथे नुसता ‘ा’ लिहीन, लांब असेल तिथे अवग्रह लावीन. म्हणून ‘वुरा’ मधला ‘रा’ पटकन उडवायचा, आणि ‘वाऽ’ मधला ‘वा’ ओढायचा. ‘ख़’ खाली टिंबासकट दिसला की घशातून घासत काढायचा, उर्दूतल्या ‘ख़बर’ सारखा. त्याखेरीज या भाषेत सुरांचे चढउतार आहेत आणि ते अक्षरांवर रेघा मारून दाखवतात. सरळ तिरकी रेघ म्हणजे उंच सूर. टोपीसारखी खूण म्हणजे उंचावरून घसरणारा सूर, आणि ती फक्त लांब स्वरावर येते. ‘वुरा’ मध्ये रेघ ‘वु’ वर असते. काही छापील मजकुरांत ती गाळलेली दिसेल. शब्द तोच.

कुठला मजकूर घ्यायचा

तीन जागा पुरेत. पहिली, जॉन हॅरिंग्टन यांचं कारुक लोकांच्या तंबाखूवरचं १९३२ चं पुस्तक. फीबी मॅडक्स या कारुक बाईंनी सांगितलेला मजकूर त्यात पानामागून पान कारुक आणि इंग्रजी असा दिलाय. नावाला तंबाखू, पण शेती, रीतीभाती, पूजा, सगळं त्यात येतं. हॅरिंग्टन यांची लेखनपद्धत मात्र त्यांची स्वतःची. सवय व्हायला आठवडा जातो. दुसरी, विल्यम ब्राइट यांचा १९५७ चा ग्रंथ: व्याकरण, गोष्टी आणि शब्दसंग्रह एकाच बांधणीत. तिसरी, बर्कली विद्यापीठाच्या भाषाशास्त्र विभागाने इंटरनेटवर ठेवलेला शब्दकोश आणि त्याला जोडलेले मजकूर. शब्द टाकला की तो कुठकुठल्या वाक्यात आलाय ते समोर येतं. नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी.

ब्राइट यांचं नाव आलंच आहे तर पुण्याचा धागा सांगून टाकतो. १९४९ मध्ये ते क्लॅमथकाठी गेले तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर होते. म्हाताऱ्या मंडळींना शब्द विचारत फिरायचे, म्हणून लोकांनी त्यांना जे कारुक नाव दिलं त्याचा अर्थ ‘छोटा शब्द-विचाऱ्या’. पुढे हेच ब्राइट १९५०च्या दशकाच्या मध्यावर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात येऊन राहिले, आणि बोलीभाषेतल्या कानडीवरचं त्यांचं पुस्तक १९५८ मध्ये डेक्कन कॉलेजने छापलं. कारुकचं व्याकरण छापून येण्याच्या आगेमागे हा माणूस पुण्यात राहत होता. पुण्यात राहून त्यांच्या कानावर ‘च’ पडला नसेल, असं होणं अवघडच.

पहिली पायरी: आधी आपला ‘च’ तपासा

कारुकला हात लावण्याआधी अर्धा तास घरच्या भाषेला द्या. कुठलंही एक साधं वाक्य घ्या.

“आई, मी पाणी भरते.”

आता ‘च’ एकेका शब्दामागे सरकवत न्या. ‘मीच पाणी भरते’ म्हटलं की घरातल्या बाकीच्यांवर रोख आला. थोडी तक्रारही आली. ‘मी पाणीच भरते’ म्हटलं की भांडी आज दुसऱ्या कुणी घासायची. ‘मी पाणी भरतेच’ म्हटलं की भरणार म्हणजे भरणार, कुणी कितीही नको म्हटलं तरी. शब्द तेच, पाणी तेवढंच, पण वाक्य कुणाला टोचतंय ते तीनदा बदललं. ‘च’चा अर्थ काय, असं विचारलं तर उत्तर येत नाही. ‘च’ आपल्या डाव्या हाताच्या शब्दाला काय करतो, असं विचारलं की लगेच येतं.

आणखी एक यादी करा. लगेच, उगाच, मुळीच, एकच, आत्ताच, फारच. यांतल्या काहींत ‘च’ इतका मुरलाय की तो काढून घेतला तर शब्दच उरत नाही. ‘लगे’ म्हणजे काय? ‘उगा’ तरी बोलीत चालतं. आणि ‘मुळीच’, ‘काहीच’, ‘कोणीच’ ही मंडळी तर ‘नाही’ शिवाय घराबाहेर पडत नाहीत. ‘मला काहीच कळलं नाही’ हे ठीक, पण ‘मला काहीच कळलं’ असं कुणी म्हणत नाही. म्हणजे एका ‘च’ची तीन तऱ्हांची वागणूक: मोकळा फिरणारा, शब्दात मुरलेला, आणि नकाराच्या जोडीने चालणारा.

ही तीन खाती वहीत आखून ठेवा. ‘वुरा’ला याच खात्यांत टाकत जायचंय.

दुसरी पायरी: मुरलेला ‘वुरा’

सोप्यापासून सुरू करू. कारुकमध्ये ‘कोऽ’ म्हणजे इतकं, तितकं, तेवढं. त्याला ‘वुरा’ चिकटला की ‘कोऽवुरा’, अर्थ ‘सगळं’. हा शब्द इतका नेहमीचा की तो एकत्रच लिहितात, आणि शिकणारे तो एकसंध म्हणूनच पाठ करतात. तसं करायला हरकत नाही. ‘लगेच’ शिकणाऱ्या परदेशी मुलालाही आपण व्युत्पत्ती सांगत बसत नाही.

पण वहीत त्याची नोंद मुरलेल्या खात्यात करा, मोकळ्या ‘वुरा’च्या मोजणीत धरू नका. ही चूक मी केली होती. पहिल्या दहा पानांत ‘वुरा’ किती वेळा आला ते मोजलं, त्यात सगळे ‘कोऽवुरा’ही आले, आणि त्या आकड्यावरून ‘वुरा बहुतेक वेळा मोजमापाच्या शब्दांमागे येतो’ असा मोठा शोध वहीत लाल शाईने लिहून ठेवला. तो शोध अजून तिथेच आहे, खाली मोठी फुली मारलेली.

तिसरी पायरी: डावीकडे कोण बसलंय

आता मोकळे ‘वुरा’. एक छोटी गोष्ट घ्या, दोन पानांपेक्षा जास्त नको. प्रत्येक ‘वुरा’भोवती पेन्सिलीने गोल करा आणि त्याच्या लगेच डावीकडचा शब्द वेगळ्या कागदावर उतरवा. भाषांतर अजिबात बघू नका.

काही शेजारी पुन्हा पुन्हा दिसू लागतील. सगळ्यात ओळखीचा ‘वाऽ’. हा दाखवणारा शब्द: ते, तसं. ‘वाऽ वुरा’ म्हणजे तेच, तसंच, अगदी तेच ते. इथे मराठी कान ताबडतोब होकार देतो. ‘ते’ आणि ‘तेच’ मधलं जे अंतर आहे, जवळजवळ तेच ‘वाऽ’ आणि ‘वाऽ वुरा’ मध्ये.

दुसरा शेजारी ‘पुख़ाय’. हा नकाराचा शब्द. ‘पुख़ाय वुरा’ म्हणजे नुसतं नाही नव्हे, मुळीच नाही, काही केल्या नाही. नकाराचं खातं इथे उघडलं. लक्षात घ्या, मराठीत ‘च’ ‘नाही’च्या आधीच्या शब्दाला जाऊन चिकटतो (‘मुळीच नाही’), आणि कधी थेट ‘नाही’लाही (‘नाहीच’). कारुकमध्ये ‘वुरा’ नकाराच्या शब्दाच्या पाठीवरच बसतो.

तिसरा ‘ऊम’: तो, ती. ‘ऊम वुरा’ खूप ठिकाणी येतं, आणि इथे पहिल्यांदा आपला ‘च’ अडखळतो. ‘तोच’ असं लावलं की वाक्य वाकडं होतं; मला तरी बऱ्याच जागी ‘तो तर’ किंवा ‘तो मात्र’ जास्त जवळचं वाटलं. इतरांचं चाललंय ते चालू दे, याचं वेगळं, अशी छटा.

चौथी पायरी: खड्डा

इथेच तो मघाचा खड्डा. आपल्या ‘च’च्या पोटात दोन कामं आहेत आणि आपल्याला ती वेगळी कळत नाहीत. एक, जोर देणं. दोन, इतरांना बाहेर काढणं. ‘मीच भरते’ म्हटलं की जोरही आला आणि ‘दुसरं कुणी नाही’ हेही आलं. कारुकमध्ये दुसऱ्या कामाला स्वतंत्र माणूस आहे: ‘किच’, म्हणजे फक्त, तेवढंच. (त्यात ‘च’ ऐकू येतो तो निव्वळ योगायोग. यावरून मराठी आणि कारुकचं नातं जोडणारा निरोप कुणी फिरवू नये, ही विनंती.) ‘वुरा’ एरवी जोर देतो, शब्दाला टेकू देतो. बाकीच्यांना दाराबाहेर काढायचं तर ‘किच’ लागतो.

म्हणून दर ‘वुरा’पाशी स्वतःला एकच प्रश्न विचारा: इथे ‘फक्त’ बसतं का? बसत असेल तर आसपास ‘किच’ आहे का ते बघा. नसेल, आणि तरी तुमच्या मराठीत ‘फक्त’चा वास येत असेल, तर तो वास तुमच्या ‘च’ने आणलाय.

मी सुरुवातीला प्रत्येक ‘वुरा’ला इमानदारीने ‘च’ लावत गेलो. निघालं ते असं: मगच तोच तसाच म्हणालाच. वाचून दाखवलं तर घरातले हसले, आणि त्यांचं बरोबर होतं. ज्या गोष्टीत ‘वुरा’ दर दोन ओळींना येतो तिथे त्याचा दर वेळी मराठी शब्द काढायचाच नसतो. कधी तो बोलणाऱ्याच्या आवाजातली नुसती ठाम लय असतो. आपणही नाही का गोष्ट सांगताना ‘बरं का’, ‘म्हणजे बघ’ म्हणत जात, आणि कुणी ते लिहून घेऊ लागलं तर म्हणतो, अहो ते सोडा.

पाचवी पायरी: सारखे दिसणारे वेगळे करा

‘वुरा’ एकटा फिरत नाही. गोष्टींत त्याच्या आगेमागे छोट्या शब्दांची रांग असते, आणि त्यांतले चार तर नवशिक्याला हमखास फसवतात, कारण ते एकाच वाड्यातले वाटतात. ‘कारि’ म्हणजे तेव्हा, मग. ‘कारु’ म्हणजे आणि, सुद्धा. ‘कारुमा’ म्हणजे खरं पाहता, वास्तविक. आणि ‘कारुक’ म्हणजे नदीच्या वरच्या अंगाला. मी एकदा ‘आणि’च्या जागी नदी चढत गेलो होतो, अख्खा परिच्छेद.

यांत ‘कारि’ आणि ‘ख़ास’ ही जोडी सर्वांत उपयोगी. ‘ख़ास’ म्हणजेही मग. ‘कारि ख़ास’ एकत्र आले की आपलं ‘आणि मग’ किंवा ‘मग काय’. ‘कारि ख़ास उपीप’: आणि मग तो म्हणाला. ‘कारि ख़ास उख़ुस’: आणि मग त्याच्या मनात आलं. सुरुवातीचा ‘उ’ म्हणजेच ‘तो’ किंवा ‘ती’. कर्ता क्रियापदाच्या पोटात असतो, जसा आपल्या ‘म्हणालो’ मध्ये ‘मी’ आपोआप येतो. हे ओळखता आलं की वाक्य कुठे संपलं आणि नवं कुठे सुरू झालं ते दिसतं, आणि ‘वुरा’ वाक्याच्या कुठल्या भागात बसलाय ते नीट लिहिता येतं. काम जोडणाऱ्या शब्दांचं वेगळं, टेकू देणाऱ्याचं वेगळं. ‘ख़ास’ गोष्ट पुढे ढकलतो, ‘वुरा’ ढकलत नाही.

‘हिनुपा’ नावाचा एक शब्द मला व्यक्तिशः फार आवडतो. अचानक काहीतरी उघडकीला आलं की तो येतो: अरेच्चा, म्हणजे हे असं होतं होय! मराठीत हे काम आपण कधी ‘की’ने करतो: ‘हा तर आपला बंड्या निघाला की!’ पिहनेऽफिच, म्हणजे कायोटी, हा तिथल्या गोष्टींतला कोल्ह्यासारखा लबाड आणि हावरट नायक. त्याच्या गोष्टींत असा उलगडा वारंवार होतो, तेव्हा ‘हिनुपा’ शोधायचा तर तिथे शोधा.

सहावी पायरी: काढून बघा, पण एकट्याने निकाल देऊ नका

मराठीत आपण ‘च’ काढून बघितला तसं कारुक वाक्यातून ‘वुरा’ काढून बघावंसं वाटेल. वहीत जरूर करा. मात्र काढल्यावर वाक्य बरोबर राहतं की नाही हे सांगणारा कान तुमच्याकडे नाही. तो ज्यांच्याकडे आहे अशी लहानपणापासून बोलणारी वडीलधारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. १९९०च्या दशकापासून तिथे एक पद्धत रुजली: एक जाणती व्यक्ती आणि एक शिकणारी व्यक्ती, दोघांनी घरातली कामं, स्वयंपाक, फिरणं, सगळं फक्त त्या भाषेत करायचं. आज वर्गात शिकवणारे बरेच जण अशा वाटेने भाषेत आलेले आहेत.

म्हणून प्रश्न घेऊन जायचं झालं तर दारात उभं राहून ‘वुराचा अर्थ काय हो’ असं विचारू नये. त्याचं उत्तर मिळत नाही. आपल्या आजीला ‘च’चा अर्थ विचारून बघा. दोन वाक्यं शेजारी ठेवावीत, एकात ‘वुरा’, दुसऱ्यात नाही, आणि विचारावं: कुठलं कधी म्हणाल? कारुक जमातीचा स्वतःचा भाषा-कार्यक्रम आहे, त्यांनी काय शिकवण्यासाठी खुलं ठेवलंय ते आधी पाहावं. समारंभाचा मजकूर सरावाला घेऊ नये. गोष्टींचा खजिना पुरेसा मोठा आहे.

सरावासाठी गोष्ट निवडताना

पारंपरिक गोष्ट ‘उक्नीऽ’ने सुरू होते. त्याला अर्थ चिकटवू नका. आपल्या ‘आटपाट नगर होतं’ मधल्या ‘आटपाट’ला कुठे कोण अर्थ विचारतं? शेवटी येतं ‘कुपानाकानाकाना’, सुफळ संपूर्ण. त्यानंतर सांगणारा बरेचदा दोन मागण्या करतो: वसंतातल्या साल्मन माशा, लवकर नदी चढून ये, जमिनीतल्या कंदा, लवकर उगव. या गोष्टी हिवाळ्यात सांगायच्या असतात, म्हणून ही घाई. २०२४ मध्ये क्लॅमथवरच्या चार धरणांपैकी शेवटची पाडून झाली आणि मासा धरणांच्या वरच्या पाण्यात पुन्हा जाऊ लागला. त्यानंतर ही ओळ मी वेगळ्या कानाने वाचतो.

सुरुवातीचा आणि शेवटचा हा ठरीव भाग मोजणीतून वगळा. मधल्या भागात निवेदन आणि पात्रांचं बोलणं यांना दोन रंग द्या, आणि ‘वुरा’ कुठल्या रंगात जास्त येतो ते बघा. एका गोष्टीवर थांबू नका. वेगवेगळ्या माणसांनी सांगितलेल्या तीन घ्या, कारण एखाद्याची ती नुसती बोलायची सवयही असू शकते. माझ्या वहीत सध्या चौथी गोष्ट चालू आहे. ‘ऊम वुरा’चं खातं भरत आलंय, आणि त्याच्या शेजारच्या पानावर ‘किच’ असं नाव टाकून ठेवलंय.